यादीतला संदर्भ डोळ्यांनी पाहिलात का?

श्रोतेहो, नमस्कार.

प्रबंध सादर करायचे दिवस जवळ आले की विद्यार्थ्यांच्या तोंडी सतत टक्केवारी असते. मार्कांची नव्हे, साम्याची, म्हणजे प्रबंधातला किती मजकूर आधीच्या लेखनाशी जुळतो हे सॉफ्टवेअरने काढलेल्या आकड्याची. ‘सर, माझं आठच टक्के आलं!’ हे इतक्या आनंदाने सांगतात की पदवी हातात पडल्यासारखं वाटावं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांनी हा हिशेब आपल्याकडे रूढ केला. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही, ४० पर्यंत असेल तर जास्तीत जास्त ६ महिन्यांत दुरुस्त करून द्यायचं, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नियमाचा हेतू चांगलाच आहे. पण आकडा खाली आला म्हणजे काम स्वच्छ झालं, अशी एक भलतीच समजूत त्यातून पसरली.

मराठीपुरतं सांगतो. युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर अक्षरं सारखीच ओळखली जाण्याची पद्धत, येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर साम्य तपासणाऱ्या यंत्राला बहुतेकदा मराठी म्हणून वाचताच येत नाही. दुसऱ्याचं अख्खं प्रकरण उचललेलं असलं, तरी साम्य शून्य दिसू शकतं. त्यात आता एआय आलं. कुणाचा तरी परिच्छेद त्यात टाकायचा, ‘वेगळ्या शब्दांत लिहून दे’ म्हणायचं, की टक्केवारी उतरली. विचार मात्र अजूनही त्याच माणसाचा असतो, आणि त्याचं नाव तळटीपेत नसेल तर ते वाङ्मयचौर्यच.

तरी चोरी एक वेळ पकडता येते. मला जास्त काळजी वाटते ती बनावट संदर्भांची. चॅटजीपीटीसारख्या साधनाकडे संदर्भसूची मागितली, की उचलली जीभ लावली टाळ्याला अशी गत होऊ शकते. लेखकाचं नाव खरं, मासिक खरं, पृष्ठ क्रमांकसुद्धा दिलेले, पण तो लेख कधी छापलाच गेलेला नसतो. कारण हे यंत्र ग्रंथालयात जाऊन कपाट उघडत नाही. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल, याचा अंदाज बांधत ते वाक्य पुढे नेतं. आपल्या जुन्या मासिकांतलं फारच थोडं इंटरनेटवर वाचता येण्याजोगं आहे, म्हणून मराठी विषयांत हा धोका जास्त. ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक १८६७ साली सुरू झालं. यादीत त्याचा १८५९ चा अंक दिसला, तर पुढे तपासायचीही गरज नाही. पण १८८५ चा दिसला तर? तो अंक मिळवून पाहावाच लागतो. स्वतः पाहिलेला नाही तो संदर्भ सूचीत घालायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी अर्धी भानगड मिटते.

स्कॅन केलेल्या पानांचंही तसंच. मोबाइलने फोटो काढून मजकूर उतरवून घेता येतो, ही फार मोठी सोय आहे. आमच्या पिढीने पानंच्या पानं हाताने उतरवली आहेत. पण जुन्या छपाईत यंत्राला ‘ख’ हा ‘रव’ दिसतो, ‘घ’ चा ‘ध’ होतो, आणि ‘घन’ चं ‘धन’ झालं तरी वाक्य वरवर बरोबरच वाटतं. अवतरण मूळ पानाशी ताडून पाहा. जागतिक विज्ञानातही हे घडलंय. १९५० च्या दशकातल्या एका लेखाचं पान संगणकावर घेताना शेजारशेजारच्या दोन रकान्यांतले शब्द जोडले गेले आणि ‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ नावाचं अस्तित्वात नसलेलं तंत्र तयार झालं. पुढे ते खऱ्या शोधनिबंधांत छापून आलं!

मग एआय वापरायचंच नाही का? वापरा की. संदर्भ एका शैलीत बसवायला तर एआयही लागत नाही, झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. इंग्रजी सारांशाची भाषा तपासून घ्या. आपलं प्रकरण देऊन ‘यावर परीक्षक काय आक्षेप घेतील?’ असं विचारा, कधीकधी खरंच कामाचं काहीतरी निघतं. कोणतं साधन, कधी, कशासाठी वापरलं, ते संशोधनपद्धतीच्या प्रकरणात दोन ओळींत नोंदवून टाका. यंत्राला सहलेखक मात्र करता येत नाही. प्रकाशन-नीतीचं काम पाहणाऱ्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची भूमिका तशीच आहे, कारण चूक निघाली तर यंत्र जबाबदारी घेऊ शकत नाही.

आणि मुलाखतींचं काय करता? बीडच्या ऊसतोड कामगार बायांनी तुमच्यावर विश्वास टाकून आजारपण, कर्ज, घरातली भांडणं सांगितलेली असतात. ती नावागावासकट एखाद्या एआय ॲपमध्ये ओतायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? ही चूक परीक्षकालाही दिसत नाही, म्हणून ती मला जास्त गंभीर वाटते.

आता थोडं मार्गदर्शकांशी. ‘हे एआयने लिहिलंय’ असं सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून कुणाला दोषी ठरवू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीनेच आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांचं लेखन अशी साधनं अनेकदा यंत्राचं ठरवतात, हेही त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं. आपली मुलं त्यातच येतात. त्यापेक्षा विद्यार्थ्याला समोर बसवा, सूचीतल्या कोणत्याही तीन नोंदींवर बोट ठेवा आणि म्हणा, ‘ही पुस्तकं घेऊन ये, कुठलं पान वापरलंस ते दाखव.’ पंधरा मिनिटं लागतात, आणि सॉफ्टवेअरचा खर्चही नाही.