वॉरियर्सनी सुतक पाळलं नाही
(बे एरियातील एका मराठी मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मला दिलेल्या वेळातला बराचसा सत्कारात गेला आहे. नारळ उत्तम आहे, तक्रार नाही; फक्त पुढे घाई झाली तर दोष नारळाचा.

विषय तुम्हाला माहीत आहे. गोल्डन स्टेट वॉरियर्स, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला आपल्या बे एरियाचा संघ. आपल्याला ते 'आपले'. निळ्या-पिवळ्या टी-शर्टातली काही माणसं मला समोरच दिसतायत. पण २०१६ नंतर खाडीचा पूल ओलांडून बाहेर पडलं, की उरलेल्या अमेरिकेला हा संघ डोळ्यांसमोर नको असायचा. का?

सोपं उत्तर म्हणजे मत्सर. जो सारखा जिंकतो तो खुपतो. सभागृहात कोणी नागपूरकर आहे? आहेत! मग मुंबईने रणजी जिंकल्यावर काय वाटायचं, हे तुम्हाला शिकवायला नको. पण मला हे उत्तर अपुरं वाटतं. २०१५ साली वॉरियर्सनी ६७ सामने जिंकले, ४० वर्षांनी विजेतेपद आणलं. कोणाच्या पोटात दुखलं? उलट लोक हरखले. नवे खेळाडू संघ दरवर्षी क्रमाने निवडतात; त्यात आपला मुख्य खेळाडू स्टीफन करी, त्याला निवडला सातव्या क्रमांकावर, त्यात घोटा सारखा दुखावलेला. थॉम्पसन अकरावा. ड्रेमंड ग्रीन तर थेट पस्तिसावा. पुढच्या मोसमात पहिले २४ सामने ओळीने जिंकले, तरी परगावची माणसं लवकर येऊन बसायची, करीचा नुसता सराव बघायला. म्हणजे जिंकणं खुपत नव्हतं.

इथे मला आमच्या दाजींबद्दल बोलावं लागेल. (हशा) हसू नका, संशोधनाला नमुना लागतो.

दाजी एडिसनला असतात, न्यू जर्सी. बास्केटबॉलमध्ये एका वेळी किती खेळाडू उतरतात, हे त्यांना आजही खात्रीने सांगता येणार नाही. २००७ साली आठव्या मानांकनाच्या वॉरियर्सनी ६७ सामने जिंकलेल्या डॅलसला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं, तेव्हा दाजींनी मुद्दाम फोन केला होता. "वा! छोट्यांनी मोठ्यांची जिरवली!" २०१५ मध्येही फोन आला, "बरं झालं, किती वर्षं थांबले होते बिचारे." माणूस आपल्या बाजूचा होता, हे लक्षात घ्या.

मग आला २०१६ चा मोसम. ७३ विजय, ९ पराभव. शिकागो बुल्सचा ७२ चा विक्रम मोडला. दाजी थोडे गप्प झाले. मालक जो लेकब तेव्हा वर्तमानपत्रवाल्यांना सांगत होते, की आम्ही बाकीच्या संघांपेक्षा कितीतरी प्रकाशवर्षं पुढे आहोत. अहो, हे बोलायचं असतं का? आमच्या आजीने दृष्ट काढली असती. अंतिम फेरीत सातांपैकी चार सामने जिंकायचे, आणि क्लीव्हलंडवर ३-१ आघाडी. चौथ्या सामन्यात ग्रीनचा हात क्लीव्हलंडचा नायक लेब्रॉन जेम्स याला नको तिथे लागला, आधीची पापं जमा होतीच, पाचव्या सामन्याला बंदी. आणि मग १९ जून, सातवा सामना, ओकलंडला. ८९-८९. शेवटची साडेचार मिनिटं आपल्याला एक गुण मिळालेला नाही. आपला इग्वोडाला एकटा सुटला, आता गुण पक्के, तेवढ्यात लेब्रॉन मागून धावत आला आणि त्याने चेंडू बोर्डावर थापटला. मग त्यांच्याच कायरी अर्विंगने करीच्या तोंडावर तीन गुणांचा फटका मारला. ९३-८९. माझ्या घरात पंधरा-वीस माणसं, आणि पावभाजीला कोणी हात लावेना.

फोन वाजला. तिकडे रात्रीचे पावणेअकरा. साडेनऊला झोपणारा हा माणूस. "हॅपी फादर्स डे!" (हशा) खरंच त्या दिवशी फादर्स डे होता, म्हणून काही बोलताही येईना. त्यांनी माझी चौकशी केली, मुलांची केली, मग हळूच विचारलं, "काय, मॅच होती वाटतं आज?"

मी अजून ते विसरलेलो नाही. (मागून: "दिसतंय!") हो, दिसूदे.

पण मुद्दा हा, की दुसऱ्या दिवशी दाजींना वाईट वाटत होतं. बहिणीने सांगितलं. देशभर थोडंफार असंच होतं. चेष्टा चालली होती, ३-१ चे विनोद चालले होते, पण त्यात राग नव्हता. चेष्टा माणूस आपल्यातल्याचीच करतो. हरलेल्या संघाने वर्षभर ती ऐकून घ्यायची, मान खाली घालून सराव करायचा, आणि परत यायचं. असं सुतक पाळलं की लोक पुन्हा जवळ करतात.

४ जुलैला केव्हिन ड्युरंटने जाहीर केलं, की मी वॉरियर्सकडे येतोय. तुम्ही म्हणाल, तेरावं तर झालं होतं. झालं होतं, हिशेबाने झालं होतं. पण घरातली पणती विझायच्या आत दारात मांडव घालतात का कोणी? आणि ड्युरंट कोण? ज्या ओक्लाहोमाच्या संघाने महिनाभर आधी उपांत्य फेरीत वॉरियर्सना ३-१ असं कोंडीत पकडलं होतं, त्यांचा नायक. स्वतः हरला, आणि ज्यांनी हरवलं त्यांच्याकडेच गेला. दोन पराभव झाले आणि दोन्हींचं दुःख कोणीच सोसलं नाही, हे माझं म्हणणं. ओक्लाहोमात त्याचे जर्सी जाळले. फेब्रुवारीत तो तिथे खेळायला गेला, तर प्रेक्षक 'कपकेक', म्हणजे मऊ, लेचापेचा, असं लिहिलेले शर्ट घालून बसले होते.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. अरे, अजून मूळ प्रतिपादन राहिलंय!

भराभर सांगतो. एक, हे सगळं नियमात बसत होतं. टीव्हीच्या नव्या कराराचा पैसा आला आणि वेतनमर्यादा, म्हणजे संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्चायच्या पगाराची मर्यादा, एका उन्हाळ्यात ७ कोटी डॉलरवरून ९.४ कोटींवर गेली. वाढ टप्प्याटप्प्याने करू, असं लीग म्हणत होती; खेळाडूंच्या संघटनेने नकार दिला. त्यात करी घोट्यामुळे चार वर्षांना ४.४ कोटींत मिळालेला. म्हणून त्या मर्यादेत ड्युरंटसाठी जागा झाली. नियम मोडला असता तर बरं झालं असतं. राग ठेवायला जागा मिळाली असती. इथे दोष द्यायला कोणी नाही, म्हणून राग संघावरच साचला.

दोन, २०१७ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, १६ विजय, १ पराभव. आपल्यालाही धाकधूक उरली नाही, खरं सांगा. मी तिसऱ्या क्वार्टरमध्ये भांडी घासायला उठायचो.

तीन, आणि हा माझा पुरावा. २०१९ ला टोरांटोत ड्युरंटचा घोट्यामागचा स्नायुबंध तुटला, तेव्हा काही प्रेक्षकांनी चक्क आनंद केला. टोरांटोच्याच खेळाडूंना हात करून त्यांना गप्प करावं लागलं. पुढच्या सामन्यात थॉम्पसनचा गुडघा गेला, विजेतेपद गेलं, ड्युरंट गेला. नंतरचा मोसम १५ विजय, ५० पराभव, लीगमध्ये सर्वांत खाली. थॉम्पसन ९४१ दिवसांनी परतला. २०२२ ला बॉस्टनला हरवून पुन्हा जिंकले, तेव्हा बॉस्टन सोडलं तर बहुतेकांना बरंच वाटलं. करी तोच, ग्रीन तोच, बोलणंही तेच. मधे फक्त सुतक पाळून झालं होतं.

बुल्सचा मायकल जॉर्डनही सारखा जिंकायचा, तरी लाडका होता, त्याचं काय, असं कोणीतरी विचारणारच. त्याने सुतक आधीच पाळलं होतं. १९८८, ८९, ९० असं ओळीने तीन वर्षं डेट्रॉइटकडून हरला, आणि ९१ ला त्यांनाच हरवून वर गेला. लेब्रॉनही एकदा क्लीव्हलंड सोडून मायामीला गेला होता, त्याबद्दलही बोलायचं होतं, पण संयोजक उभे राहिले आहेत. ते चहाच्या रांगेत गाठा, तिथे मला कोणी चिठ्ठी पाठवणार नाही.