सोआरेसांची सही

विषय ठरलाय तो पोर्तुगालच्या मारियो सोआरेस यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या दहा वर्षांचा, १९८६ ते १९९६. तिकडे येतोच. पण एक तारीख सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ३१ डिसेंबर १९७४.

१९ डिसेंबर १९६१, गोवामुक्तीची तारीख, गोव्यातल्या लहान मुलालाही पाठ असते. माझ्या शाळेत धडा तिथे संपायचा, नातीच्या पुस्तकातही तिथेच संपतो. ही माझी जुनी तक्रार आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने शेवटच्या माणसापर्यंत लढायचा हुकूम सोडला होता. तो न मानता शरण आलेल्या गव्हर्नर वासालु इ सिल्वा यांना त्याने पुढे सैन्यातून काढून टाकलं. आणि गोवा गेला हे पोर्तुगालने तेरा वर्षं मान्यच केलं नाही.

ते मान्य झालं त्या ३१ डिसेंबरला, दिल्लीत झालेल्या कराराने. एका बाजूला आपले यशवंतराव चव्हाण, परराष्ट्र खात्यात येऊन त्यांना तीन महिनेही झाले नव्हते. दुसऱ्या बाजूला पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री सोआरेस. करारातली एक गोष्ट नीट ऐका. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं, पण सहीच्या दिवसापासून नव्हे. आपल्या राज्यघटनेनुसार हे प्रदेश भारतात आले त्या तारखांपासून. गोव्यासाठी ती तारीख २० डिसेंबर १९६१. म्हणजे मधली तेरा वर्षं पोर्तुगालने आपणहून सोडून दिली. यशवंतरावांवर आपण इतकं बोलतो, लिहितो, त्यात ही सही कुठे येते?

आणि पोर्तुगालकडून सही करणारा हा सोआरेस होता कोण? सालाझारच्या पोलिसांनी त्याला बारा वेळा पकडलं होतं. मारिया बारोझो यांच्याशी लग्न झालं १९४९ साली, तेव्हाही तो तुरुंगात होता. सालाझारचे विरोधक जनरल देल्गादो यांचा खून झाला, तर त्यांच्या कुटुंबाचं वकीलपत्र यानेच घेतलं. १९६८ मध्ये साओ तोमे बेटावर हद्दपारी, मग फ्रान्समध्ये विजनवास. आपले गोवामुक्तीचे सैनिक मोहन रानडे १९६९ पर्यंत लिस्बनजवळ काशियाशच्या तुरुंगात होते, ते याच राजवटीचे कैदी. ही राजवट उलथवणारी एप्रिल १९७४ ची क्रांती झाली, तिसऱ्या दिवशी सोआरेस पॅरिसहून आगगाडीने लिस्बनला पोचले. स्टेशनवर माणसांचा समुद्र. आठ महिन्यांनी ते दिल्लीत होते.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर राष्ट्राध्यक्षपद.

१९८६ च्या पहिल्या फेरीत सोआरेसना २५ टक्के, उजव्या बाजूच्या फ्रेइताश दु आमाराल यांना ४६. आता दुसऱ्या फेरीत जिंकायला कम्युनिस्टांची मतं हवीत. त्यांचे नेते आल्वारो कुन्याल म्हणजे सोआरेसच्या वडिलांच्या शाळेतले एकेकाळचे शिक्षक, सोआरेस त्यांचे विद्यार्थी, आणि १९७५ पासून दोघांचं हाडवैर. कुन्यालनी कार्यकर्त्यांना सांगितलं, मतपत्रिकेवरचा त्याचा फोटो एका हाताने झाका, पण दुसऱ्या हाताने मत त्यालाच द्या! (हशा) सुमारे १ लाख ४० हजार मतांनी सोआरेस आले. साठ वर्षांतले पहिले बिगरलष्करी राष्ट्राध्यक्ष.

माझा मुद्दा आहे १९८७ चा. निवडून आल्यावर त्यांनी आपल्या समाजवादी पक्षाचं सदस्यत्व सोडलं होतं. पंतप्रधान कावाकु सिल्वा यांचं अल्पमतातलं सरकार अविश्वास ठरावाने पडलं. सोआरेसांचाच जुना पक्ष म्हणाला, आम्ही सरकार बनवतो. सोआरेसांनी नकार देऊन संसद विसर्जित केली, निवडणूक लावली. कावाकु स्पष्ट बहुमताने परत आले, पुढे आठ वर्षं राहिले. ज्याने पक्ष स्थापन केला, त्यानेच पक्षाला सत्तेच्या दारातून परत पाठवलं. राष्ट्राध्यक्ष सगळ्यांचा, हे भाषणात सांगणं सोपं असतं. यांनी ते करून दाखवलं. म्हणून १९९१ मध्ये त्यांना ७० टक्के मतं पडली. कार्यालय गिमराइंशसारख्या शहरांत हलवून तिथून कारभार पाहायची त्यांची पद्धत, ती सविस्तर सांगायची राहिली.

१९९२ च्या २६ जानेवारीला आपल्या संचलनाचे प्रमुख पाहुणे हेच होते. सही केली त्याच दिल्लीत.