पकडीने दाबलेला लग आणि काकांची जळालेली मोटर | कुठला कनेक्टर कुठे?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मी मोटरच्या स्टार्टरची वायरिंग दाखवली. कमेंटमध्ये स्टार्टरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, सगळ्यांचा एकच प्रश्न: "दादा, वायरच्या टोकाला ते चांदीसारखं काय लावलंय?" चांदी नाही हो, तांब्यावर कथलाचा मुलामा आहे. त्याला लग म्हणतात, दुकानात थिंबल मागितलंत तरी मिळेल.

बाकीचं पटपट उरकतो. 6 अँपिअरची बारीक पिन टीव्ही, चार्जर, पंख्याला. 16 अँपिअरची जाड पिन गिझर, एसीला. अर्थिंगची पिन लांब असते, कारण ती आत जाताना आधी टेकली पाहिजे आणि निघताना शेवटी सुटली पाहिजे. ती कापून दोन भोकांच्या बोर्डात घुसवणाऱ्यांना मी काही बोलत नाही. घरातले बोलतील.

बोर्डामागे वायरला वायर जोडायची असेल तर स्क्रूची पट्टी किंवा हा लिव्हरवाला कनेक्टर. लिव्हर उचलायची, 11 मिलिमीटर वायर सोलायची, आत घालायची, लिव्हर पाडायची. वॅगो कंपनीच्या 221 मध्ये जो नेहमी मिळतो, त्यात 4 स्क्वेअरपर्यंतची, म्हणजे 4 चौरस मिलिमीटर जाडीपर्यंतची वायर बसते. सोलार पॅनेलच्या वायरींना एमसी-फोर, एकमेकांत खट् करून बसणारी नर-मादी जोडी. त्यात एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी जोडू नका, वरून 'खट्' आवाज आला तरी. आणि चालू लोडवर ओढून काढू नका. आपल्या घरातला एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. सोलारच्या डीसीला शून्यच नाही, ठिणगी ताणली जाते.

झालं. आता लग.

निवडायचा कसा? लगवर आकडे ठोकलेले असतात. हा बघा, 10-8. म्हणजे 10 स्क्वेअरची वायर, 8 मिलिमीटरचा बोल्ट. प्लॅस्टिकच्या टोपीवाल्यांत रंग बघा: लाल दीड स्क्वेअरपर्यंत, निळा दीड ते अडीच, पिवळा 4 ते 6. वायर जाड आणि लग बारीक असला की लोक काय करतात? वायरच्या चार तारा कापून टाकतात! अहो, वायर बारीक करायची होती तर जाडीचे पैसे कशाला दिलेत?

पण आकडा बरोबर असूनही लग जळतो. का? कारण तो पकडीने दाबलेला असतो.

(दोन कापलेले लग कॅमेऱ्याजवळ धरतो.)

हे दोन्ही मी हॅकसॉने आडवे कापलेत. डावीकडचा क्रिम्पिंग टूलने, म्हणजे लग दाबायच्या खास हत्याराने दाबलेला. तारा वेगळ्या दिसतात का? नाही. सगळ्या दबून एकमेकींत बसल्यात, सळई कापावी तसा भरीव. उजवीकडचा पकडीने. नळी पापडासारखी चपटी झाली, तारा दोन कडांना पळाल्या, मधे फट. त्या फटीत हवा जाते, ओल जाते, तांबं काळं पडतं.

एकाने लिहिलंय, "दादा, मी पकडीने दाबून हातोडीही मारतो." मग पापड जास्त पातळ होतो, एवढंच.

आता ओढून बघू. पकडवाला... (ओढतो) हा घ्या, हातात आला. मी काही पैलवान नाही. टूलवाला... (ओढतो) नाही. लग लावला की प्रत्येक वेळी असा हिसका द्या. बोल्ट आवळल्यावर नाही, आधी.

असा जोड किती तापतो, त्याचं गणित हवंय? 3000 वॅटचा इन्स्टंट गिझर 13 अँपिअर घेतो. जोडात फक्त 0.15 ओहम रेझिस्टन्स असेल तर 13 गुणिले 13 गुणिले 0.15, म्हणजे 25 वॅटच्या वर उष्णता. घरातली सोल्डरिंग आयर्नही 25 वॅटचीच असते! तेवढी उष्णता नखाएवढ्या जागेत, आणि 0.15 ओहम साध्या मल्टिमीटरवर धड कळतही नाही. मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स तेवढा असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. दहा-बारा वर्षांपूर्वी काकांच्या विहिरीवरच्या 5 एचपी मोटरला लग मीच लावले होते. पकडीने. टूल घ्यायला पैसे नव्हते, म्हणजे होते, पण मोबाइल घ्यायचा होता. मोटर चालताना साडेसात-आठ अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. दोन हंगाम चाललं. मग रात्रपाळीच्या लाइटीत एका फेजचा लग सुटला. थ्री-फेज मोटर दोन फेजवर घुमत राहिली, जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा रिले कधीच कुणीतरी बांधून ठेवला होता, काका खोपीत झोपलेले. सकाळी वाइंडिंग कोळसा. काका मला एक शब्द बोलले नाहीत. रिवाइंडिंगची पावती तेवढी काकूंनी आमच्या घरी पाठवून दिली.

टूल रॅचेटवालं घ्या. पूर्ण दाब बसल्याशिवाय ते सुटत नाही. साध्या टूलमध्ये हात दुखला की माणूस अर्ध्यावर सोडतो. आणि नळीला जोड-रेघ असेल तर खड्डा तिच्या समोरच्या बाजूला पाडा. रेघेवरच दाबलंत तर नळी उमलते.

"आधी सोल्डर करून मग दाबू का?" हा प्रश्न दर व्हिडिओखाली असतो, उत्तरही दर वेळी तेच: नको. सोल्डर मऊ असतो. दाबाखाली तो हळूहळू सरकतो आणि सहा महिन्यांनी जोड ढिला.

खांबावरून मीटरला येणारी सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याचा लग चालणार नाही. बायमेटल लग मागा, म्हणजे वायरकडची नळी ॲल्युमिनियमची आणि बोल्टकडचा भाग तांब्याचा. ॲल्युमिनियम घासून लगेच ग्रीस लावा, चहा पिऊन आल्यावर नाही. तोवर त्यावर परत ऑक्साइडचा थर चढलेला असतो.

आणि "वीस वर्षं पिळून टेप मारलेला जोड चालतोय" म्हणणारे दादा, तुमची कमेंट मी पिन केलीये. त्या टेपचा फोटो टाका. काळी आहे की तपकिरी झालीये, ते सांगा.