सोपं नको, अवघड द्या

अमेरिकेत बाल्टिमोरजवळच्या एका विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलांना विज्ञान-गणितात पुढे आणायला जो कार्यक्रम सुरू झाला, त्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न: "ताई, म्हणजे कच्च्या मुलांसाठी शिकवणीच ना?" नाही हो! याच एका वाक्यासाठी आज परत बसलेय.

मूळ गोष्ट एका वाक्यात उरकते. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं कृष्णवर्णीय आणि गरीब घरच्या मुलांना विज्ञान-गणिताकडे आणायला शनिवारचे वर्ग, उन्हाळी शिबिरं, प्रयोगशाळेतलं काम असं काही ना काही चालवतात.

आता शिकवणीचं. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्राइसमन नावाचा गणिताचा विद्यार्थी होता. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलस या गणिताच्या विषयात कृष्णवर्णीय मुलं का मागे पडतात, हे त्याला शोधायचं होतं. प्राध्यापकांची उत्तरं तयारच: गरिबी, कच्चा पाया, घरी लक्ष नाही. ट्राइसमन मुलांच्या खोल्यांवर जाऊन बसला आणि ही सगळी उत्तरं फोल ठरली. पोरं मान मोडून अभ्यास करत होती, पण प्रत्येक जण एकटा. तिथलीच चिनी मुलं मात्र रात्री एकत्र बसून एकमेकांच्या वह्या तपासायची. मग त्याने सोपे जादा वर्ग काढले का? अजिबात नाही. त्याने गट केले आणि नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली. निकाल सुधारले.

बाल्टिमोरजवळच्या त्या विद्यापीठात, यूएमबीसीत (युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी), तेच. तिथले गणितज्ञ फ्रीमन ह्राबोव्स्कींनी 1988मध्ये मायरहॉफ शिष्यवृत्ती कार्यक्रम सुरू केला, पहिली तुकडी 19 जणांची. कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात मुलं सहा आठवडे एकत्र राहतात, एकत्र अभ्यास करतात. इथेही कच्च्यांना शोधत नाहीत, चांगली मुलं घेऊन त्यांना आणखी ताणतात. कमेंटमध्ये "आरक्षणच की" म्हणणाऱ्या दादांसाठी: 1996पासून हा कार्यक्रम सगळ्या वर्णांच्या मुलांना खुला आहे.

कोविडच्या लशीवर काम केलेल्या किझ्मेकिया कॉर्बेट इथल्याच. पण त्याआधी, शाळेत असताना, त्या नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उन्हाळाभर काम करत होत्या, गरीब घरच्या शाळकरी मुलांना प्रयोगशाळेत काम देणाऱ्या 'प्रोजेक्ट सीड'मधून. त्यात मुलांना कामाचे पैसे मिळतात. हे महत्त्वाचं आहे! सुट्टीत बर्गरच्या दुकानात उभं राहून घरी हातभार लावणाऱ्या पोराला तुमचं फुकटातलं शिबिरसुद्धा महागच पडतं.

आणि ते एका दिवसाचे विज्ञानाचे सोहळे! मीही एकात स्वयंसेवक होते, कुठल्या ते सांगत नाही. बाटलीचं रॉकेट उडवलं, टी-शर्ट वाटले, फोटो काढले, दुपारी तीनला बस परत. पुढच्या आठवड्यात त्या मुलांना फोन कोण करणार? कुणी नाही.

पण माझी स्वतःची चूकही सांगते. दुसऱ्या एका ठिकाणी शनिवारच्या वर्गाला मी अपूर्णांकांचे सोप्पे कागद घेऊन गेले. नववीतल्या एका मुलीने कागद परत सरकवला. म्हणाली, हे आम्हाला दरवर्षीच देतात. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पुढच्या शनिवारी पत्त्यांचे दोन कॅट नेले आणि लॉकरचं कोडं घातलं. शंभर बंद लॉकर, शंभर मुलं. पहिला सगळे उघडतो. दुसरा दर दुसऱ्याला हात लावतो: उघडा असेल तर बंद, बंद असेल तर उघडा. तिसरा दर तिसऱ्याला, असं शंभराव्यापर्यंत. शेवटी कुठले उघडे? एक पत्ता म्हणजे एक लॉकर. चौघंजण टेबलावर वाकून पत्ते उलटेपालटे करत होती, भांडत होती, एकाने तर सगळा डाव विस्कटला. तासाभराने उघडे पत्ते दिसले: 1, 4, 9, 16 असे थेट 100पर्यंत. का, ते कुणालाच सांगता येईना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच मुलगी म्हणाली, "थांबा. 12व्या लॉकरला 2 आणि 6 नंबरची मुलं जोडीने येतात, 3 आणि 4 जोडीने, 1 आणि 12 जोडीने. म्हणजे उघडलं की बंद होणारच. 16व्या लॉकरवर मात्र 4ला जोडीदार नाही, म्हणून तो उघडाच राहतो."

मी खडू तिच्याकडे दिला.