रेनडिअरला उकडतं म्हणून

नमस्कार श्रोतेहो. आज तुम्हाला मंगोलियाच्या पार उत्तरेला न्यायचंय, रशियाच्या हद्दीला लागून असलेल्या तैगा जंगलात. तिथे दुखा लोक राहतात. मंगोलियन लोक त्यांना त्साआतान म्हणतात, म्हणजे रेनडिअरवाले. सगळी मिळून काहीशेच माणसं हो, आपल्याकडच्या एखाद्या वाडीत मावतील एवढी.

राजधानी उलानबातरहून आधी मुरुनला जायचं, तिथून रशियन बनावटीच्या फुर्गोन व्हॅनमधून दिवसभर हादरे खात त्सागाननूर गाठायचं. सीमाभाग आहे, त्यामुळे परवाना आधीच काढून ठेवावा लागतो. आणि तिथून पुढे गाडी नाहीच, घोडा.

मी त्याआधी घोड्यावर बसले होते ती माथेरानला, कोणीतरी लगाम धरून चालवत होतं तशी. इथला घोडा अंगाने लहान पण काटक, आणि "चू" म्हटलं की निघतो. खरी परीक्षा दलदलीत होते. वरून छान हिरवं गवत दिसतं, पण खालची जमीन वर्षानुवर्षं गोठलेली, पाणी मुरायला जागाच नाही, मग ते वरच साचतं आणि घोड्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. मी घाबरून लगाम खेचत होते तर पुढचे वाटाडे दादा वळले आणि हातानेच खूण केली, सोड. ढिली सोडली. घोड्याने मान खाली घातली, हुंगलं, एक पाय टाकून बघितला, मागे घेतला, आणि कडेच्या लार्चच्या झाडांच्या मुळांवरून मला अलगद पलीकडे नेलं. त्यानंतर दोन दिवस मी त्याला काही शिकवायला गेले नाही.

पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. सात-आठ ऊर्त्स, म्हणजे खांबांवर कापड गुंडाळलेले शंकूसारखे तंबू, प्रत्येकाच्या टोकातून धूर. आणि मग कटकट कटकट असा आवाज यायला लागला. रेनडिअर परत येत होते, चालताना त्यांच्या पायातल्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोरे, हाडावर घासतात त्याचा तो आवाज. पाडसं तळावरच बांधलेली असतात म्हणून आया आपसूक घरी येतात, आपल्याकडे गाय वासरासाठी ओढीने येते तसंच.

ज्यांच्याकडे उतरलो त्या आजींनी माझ्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं. एक रेनडिअर आली आणि चाटायला लागली, जीभ खरखरीत, शिंगांवर मऊ मखमल, हात लावला तर गरम लागते. माद्यांनाही शिंगं असतात बरं का. आजींनी दूध काढलं, एका वेळी कपभरच निघतं, पण इतकं दाट की सायच वाटावी. ते खारट चहात घालतात. कापायला म्हणून रेनडिअर सहसा पाळतच नाहीत, दूध आणि बसणं-वाहणं यासाठीच.

आणि रेनडिअर खातो काय, तर दगडफूल! म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतलं, जमिनीवर वाढणारं. ते वाढतं फार हळू, एका जागी चरून संपलं की पुन्हा यायला वर्षं लागतात, म्हणून तळ हलवायचा. शिवाय रेनडिअरला उष्णता अजिबात सोसत नाही, उन्हाळा चढला की कळप वर, थंड वाऱ्याकडे, आणि त्यामागे अख्खं घरदार. कुठे राहायचं हे तिथे माणूस ठरवतच नाही.

हे दुखा लोक मुळात तुवाचे, म्हणजे सीमेपलीकडच्या, आता रशियात असलेल्या प्रदेशातले, भाषाही तुर्की कुळातली. 1944 साली तुवा सोव्हिएत संघात गेलं, सीमा पक्की झाली आणि नातेवाईक दोन बाजूंना राहिले. 2011 मध्ये इथलं जंगल संरक्षित झालं, शिकारीवर बंधनं आली. सरकार महिन्याला भत्ता देतं, ते चांगलंच आहे, आणि जंगल राखायलाच हवं हेही मला पटतं. पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहून ते टिकवलं त्यांनाच विचारून नियम व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं, आपल्याकडच्या मेंढपाळ धनगरांचं चराईचं दुखणं ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तुमच्यापैकी कोणी जाणार असाल तर आपलं खाणं आपण न्या, यजमानांच्या शिध्यावर भार टाकू नका, आणि फोटो विचारून काढा.

निघायच्या सकाळी ऊन जरा जास्तच होतं. रेनडिअर एकाच जागी घोळका करून धापा टाकत उभे होते. आजींनी त्यांच्याकडे बघितलं, मग वरच्या खिंडीत उरलेल्या बर्फाच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं आणि तंबूचं कापड सोडायला घेतलं.