क्रमांक ४०५२ : टीना ब्रुक्सच्या ध्वनिमुद्रिकांचा शोध

(दृश्य : रेकॉर्डच्या कपाटातली एक अरुंद फळी. कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश सरकतो.)

एका टेनर सॅक्सोफोनवादकाची आधुनिक जॅझमधली जवळजवळ सगळी कामगिरी या एका फळीवर मावली आहे आणि फळी पूर्ण भरलेलीही नाही. यातल्या ज्या रेकॉर्डींवर त्याचे नाव मुख्य कलाकार म्हणून ठळक अक्षरांत छापलेले आहे, त्या फक्त चार आहेत आणि त्या चारांपैकी त्याच्या हयातीत बाजारात आलेली फक्त एक. उरलेल्या तीन रेकॉर्डी तयार होत्या, त्यांच्या टेप कंपनीच्या कोठारात नीट लेबल लावून ठेवलेल्या होत्या. पण ज्याने त्या वाजवल्या त्याला त्या दुकानात पाहायला मिळाल्या नाहीत.

त्याचे नाव हॅरॉल्ड फ्लॉइड ब्रुक्स. जन्म ७ जून १९३२, नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिल गावी. लहानपणी चणीने बारीक असल्यामुळे त्याला ‘टीनी’ म्हणत, त्याचे पुढे ‘टीना’ झाले आणि ते कायमचे चिकटले. आपल्याकडे एखाद्या धिप्पाड गृहस्थाला साठी उलटली तरी घरचे लोक ‘छोटू’ म्हणून हाक मारतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की या नावामुळे रेकॉर्ड हातात घेणाऱ्या अनेकांचा पहिला समज असा होतो की ही कोणी वादिका असावी. १९४४ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला, ब्रॉन्क्समध्ये आले. थोरला भाऊ डेव्हिड, ज्याला ‘बब्बा’ म्हणत, तोही टेनर वाजवायचा. पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धात टीनाने सनी थॉम्प्सन, एमॉस मिलबर्न अशांच्या रिदम अँड ब्लूज बँडमध्ये आणि १९५५ मध्ये काही काळ लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात नोकरी केली. पोटासाठी केलेल्या या कामातून त्याला एक गोष्ट मिळाली, ती पुढच्या प्रत्येक रेकॉर्डमध्ये ऐकू येते : कितीही गुंतागुंतीची स्वरावली असो, तिच्या तळाशी ब्लूज असतोच.

(दृश्य : फिरती तबकडी, सुई टेकते.)

ब्रॉन्क्समधल्या ‘ब्लू मोरोक्को’ क्लबात त्याची गाठ ट्रम्पेटवादक बेनी हॅरिसशी पडली आणि हॅरिसने १९५८ मध्ये त्याचे नाव ब्लू नोट कंपनीच्या आल्फ्रेड लायनच्या कानावर घातले. लायनने त्याला प्रथम बोलावले ते ऑर्गनवादक जिमी स्मिथच्या ध्वनिमुद्रणासाठी. २५ फेब्रुवारी १९५८ रोजी मुद्रित झालेली ‘द सर्मन’ ही वीस मिनिटांची संथ ब्लूज रचना संग्राहकाने सर्वांत आधी मिळवावी, असे माझे मत आहे. ली मॉर्गन, लू डोनाल्डसन, केनी बरेल, आर्ट ब्लेकी अशा मातब्बरांच्या मांडीला मांडी लावून हा नवखा माणूस बसला आहे, आणि तरीही त्याच्या वाजवण्यात छाप पाडण्याची घाई कुठेही नाही. तो एक वाक्य बोलतो, थांबतो आणि त्या वाक्याच्या शेवटच्या स्वरातूनच पुढचे वाक्य काढतो.

लायनने लगेच, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, १६ मार्च रोजी त्याच्या स्वतःच्या नेतृत्वाखालचे ध्वनिमुद्रण केले. मॉर्गन, सनी क्लार्क, डग वॉटकिन्स आणि ब्लेकी असे साथीदार होते. स्टुडिओ म्हणजे हॅकेन्सॅकमधल्या, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घराचा दिवाणखाना. व्हॅन गेल्डर तेव्हा दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात अमेरिकन जॅझचा आवाज घडवायचा. ‘मायनर मूव्ह’ नावाने आज ओळखली जाणारी ही रेकॉर्ड तेव्हा प्रसिद्ध झाली नाही. ती प्रथम निघाली १९८० मध्ये, तीही जपानमध्ये.

एखादी टेप का अडकून पडली याचे उत्तर शोधण्याचा मोह संग्राहकाला आवरत नाही. वाजवण्यात कुठे चूक आहे का, म्हणून आपण ‘मायनर मूव्ह’ पुन्हापुन्हा ऐकतो. मला तरी ती सापडलेली नाही. ‘द वे यू लुक टुनाइट’ भरधाव लयीत आहे आणि तिथे एखाददुसऱ्या क्षणी वादकांची ओढाताण जाणवते, एवढेच. परंतु ‘एव्हरीथिंग हॅपन्स टू मी’ या संथ गीतात ब्रुक्स मूळ चाल जवळजवळ जशीच्या तशी वाजवतो, फक्त ओळींच्या शेवटी आवाज किंचित मावळू देतो, आणि तेवढ्याने त्या गाण्यातले रडगाणे नाहीसे होऊन खरे दुःख उरते. ज्या कंपनीने इतरांच्या यापेक्षा सामान्य रेकॉर्डी बाजारात आणल्या, तिने ही ठेवून दिली. ब्लू नोट विकू शकत होती त्यापेक्षा कितीतरी अधिक मुद्रण करत असे, आणि टेप कोठारात पडून राहण्याचे हे नशीब त्या कंपनीच्या इतर अनेक वादकांच्याही वाट्याला आले. खासगी मैफलींच्या टेप जपून ठेवणाऱ्या आपल्याकडच्या रसिकांना हा प्रकार अनोळखी नाही : सर्वांत चांगले वाजलेले नेहमी बाजारात पोहोचतेच असे नाही.

(दृश्य : दोन रेकॉर्डींची मुखपृष्ठे शेजारी शेजारी. ४०४० आणि ४०४१.)

१९६० च्या जूनमधला एक आठवडा या संग्रहाच्या केंद्रस्थानी आहे. १९ जून रोजी बावीस वर्षांच्या फ्रेडी हबर्डची नेता म्हणून पहिली रेकॉर्ड, ‘ओपन सेसमी’, मुद्रित झाली. तिचे शीर्षकगीत आणि ‘जिप्सी ब्लू’ या दोन्ही रचना ब्रुक्सच्या आहेत आणि रेकॉर्डचा एकंदर स्वभावही मला हबर्डपेक्षा ब्रुक्सचा अधिक वाटतो. सहा दिवसांनी, २५ जून रोजी, भूमिका बदलल्या : ब्रुक्स नेता, हबर्ड साथीला, पियानोवर ड्यूक जॉर्डन, बासवर ‘ओपन सेसमी’प्रमाणेच सॅम जोन्स, ड्रम्सवर आर्ट टेलर. हीच ती ‘ट्रू ब्लू’, कंपनीच्या यादीत क्रमांक ४०४१, त्याच्या हयातीत त्याच्या नावावर निघालेली एकमेव रेकॉर्ड. मुखपृष्ठावर वादकाचे छायाचित्र नाही. आहेत ते निळ्या रंगाच्या छटा. सहापैकी पाच रचना त्याच्या स्वतःच्या. त्याच्या बऱ्याच चाली मायनरकडे, म्हणजे उदास छटेच्या स्वरश्रेणीकडे झुकतात, पण खिन्नतेत रुतत नाहीत, कारण खालची लय चालती-बोलती असते. ‘गुड ओल्ड सोल’ ऐकताना हे लगेच लक्षात येते.

या दोन रेकॉर्डी एका बैठकीत, मुद्रणाच्या क्रमाने, एकामागून एक ऐकाव्यात. पहिलीत ब्रुक्स दुसऱ्याच्या घरी पाहुणा आहे आणि तरीही वाढपाची सगळी व्यवस्था तोच पाहतो आहे. दुसरीत घर त्याचे आहे आणि तो पाहुण्याला अधिक जागा देतो. हबर्ड पुढे मोठा झाला, तोही योग्यच. पण त्या आठवड्यात दोघांपैकी रचनाकार कोण होता, याविषयी या दोन तबकड्या संशय ठेवत नाहीत.

‘ट्रू ब्लू’ची पहिली आवृत्ती मिळवणे हे आज श्रीमंतांचे काम झाले आहे, चांगल्या अवस्थेतल्या प्रतीला हजारो डॉलर पडतात. ती ओळखायची कशी, तर लेबलवर ‘४७ वेस्ट ६३’ हा जुना पत्ता, लेबलच्या भागात गोलाकार दाबलेली खोल चर, आणि शेवटच्या कोऱ्या पट्ट्यात व्हॅन गेल्डरच्या नावाच्या आद्याक्षरांसोबत एक छोटीशी, कानासारखी दिसणारी खूण. ही खूण तबकड्या दाबणाऱ्या ‘प्लॅस्टिलाइट’ कारखान्याची. १९६६ च्या सुमारास ब्लू नोट लिबर्टी कंपनीच्या हाती गेल्यानंतर हा ‘कान’ नाहीसा झाला, म्हणून तबकडी तिरपी धरून दिव्याच्या उजेडात तो शोधणारे संग्राहक पाहायला मिळतात. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही, मात्र एक सांगायला हवे : नंतरच्या सीडीवर ‘ट्रू ब्लू’ आणि ‘गुड ओल्ड सोल’ यांची दुसऱ्या खेपेची मुद्रणेही आहेत. मूळ तबकडीवर ती नाहीत. ज्याला ब्रुक्स ऐकायचा आहे त्याचे त्या स्वस्त सीडीवाचून अडते, महागड्या कानावाचून अडत नाही.

(दृश्य : जुन्या नाट्यगृहाची दर्शनी बाजू. आवाज क्षणभर थांबतो.)

त्याच वर्षी लिव्हिंग थिएटरमध्ये जॅक गेल्बरचे ‘द कनेक्शन’ हे नाटक चालू होते. त्यात संगीतकार रंगमंचावरच बसून वाजवत आणि हेरॉइनची वाट पाहणाऱ्या माणसांची भूमिकाही करत. सॅक्सोफोनवादक जॅकी मॅक्लीनचा बदली कलाकार म्हणून ब्रुक्स तिथे होता. या नाटकाच्या संगीताची हॉवर्ड मॅगीने फेल्स्टेड कंपनीसाठी केलेली रेकॉर्ड संग्रहात असावी. तिच्यावर पियानोवादकाचे नाव ‘आय. चिंग’ असे छापले आहे. तो प्रत्यक्षात नाटकाचा संगीतकार फ्रेडी रेड आहे. रेडच्याच ‘शेड्स ऑफ रेड’मध्ये ऑगस्ट १९६० मध्ये मॅक्लीन आणि ब्रुक्स शेजारी उभे राहून वाजवतात : एकाचा आवाज आंबट, टोकदार, दुसऱ्याचा गोल आणि थोडा मागे रेलणारा. दोन सॅक्सोफोन एकत्र ऐकताना कोण कोणता हे ओळखण्याची गरज इथे पहिल्या स्वरापुढे राहत नाही.

आता शीर्षकातल्या क्रमांकाकडे. सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९६० मध्ये ब्रुक्सने ब्लू मिचेल, केनी ड्रू, पॉल चेंबर्स आणि आर्ट टेलर यांच्यासह ‘बॅक टू द ट्रॅक्स’ मुद्रित केली. तिला ४०५२ हा क्रमांक मिळाला, मुखपृष्ठ तयार झाले, आणि रेकॉर्ड निघाली नाही. ४०५१ हा अगदी शेजारचा क्रमांक मॅक्लीनच्या ‘जॅकीज बॅग’चा, ती मात्र निघाली आणि तिच्या दुसऱ्या बाजूवर ब्रुक्स आहे, त्याची ‘आइल ऑफ जावा’ ही रचनाही आहे. ४०५२ ची सगळी मुद्रणे लोकांनी एकत्र प्रथम ऐकली ती १९८५ मध्ये, मोझेइक कंपनीच्या चार एलपींच्या पेटीतून. आणि स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून, आपल्या मूळ नावाने, ती आली १९९८ मध्ये. मधली अडतीस वर्षे तो क्रमांक म्हणजे यादीतले एक भोक होते.

ते भोक बुजवणारा माणूस मायकेल कस्कुना. १९७५ मध्ये त्याला ब्लू नोटच्या कोठारात प्रवेश मिळाला आणि पुढची कित्येक वर्षे तो टेपमागून टेप ऐकत राहिला. ब्रुक्स १३ ऑगस्ट १९७४ रोजी, बेचाळिसाव्या वर्षी, यकृत निकामी होऊन वारला होता. एका वर्षाची चुकामूक झाली. मोझेइकची ती पेटी मर्यादित प्रतींत निघाली, संपली, आणि मग तीच दुर्मिळ झाली, हा या प्रकरणातला किंचित विनोदी भाग.

(दृश्य : पुन्हा ती फळी. एक हात रेकॉर्डी काढून वेगळ्या क्रमाने लावतो.)

बहुतेक संग्रहांत रेकॉर्डी प्रकाशनाच्या वर्षानुसार किंवा आद्याक्षरानुसार लावलेल्या असतात. ब्रुक्सच्या बाबतीत दोन्ही पद्धती दिशाभूल करतात. प्रकाशनाच्या क्रमाने पाहिले तर तो एकाच रेकॉर्डचा धनी आणि बाकी मरणोत्तर कुतूहल ठरतो. आद्याक्षराने पाहिले तर त्याचे निम्म्याहून अधिक काम स्मिथ, बरेल, हबर्ड, रेड आणि मॅक्लीन यांच्या खणांत विखुरते. मुद्रणाच्या तारखांनी लावले की तीन वर्षांची एक अखंड वाट दिसते : ‘द सर्मन’, ‘मायनर मूव्ह’, बरेलबरोबरची ‘ब्लू लाइट्स’, बरेलबरोबरचीच फाइव्ह स्पॉट कॅफेमधली १९५९ ची एक रात्र, मग १९६० चा गजबजलेला उन्हाळा, आणि शेवटी २ मार्च १९६१ रोजी मुद्रित झालेली ‘द वेटिंग गेम’.

या शेवटच्या रेकॉर्डवर ट्रम्पेटला जॉनी कोल्स आहे, ड्रम्सवर फिली जो जोन्स आहे, आणि एका रचनेचे नाव आहे ‘ध्यान’. आपला हा शब्द त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने गेला असेल, याचा विचार मराठी श्रोत्याच्या मनात येतोच. रचना मात्र डोळे मिटून बसणाऱ्याची नाही, चांगली चपळ आहे. या रेकॉर्डवर ब्रुक्सचा आवाज पूर्वीपेक्षा करडा झालेला ऐकू येतो, वाक्ये तुटक होतात, आणि तो काहीतरी नवे शोधतो आहे असे वाटत राहते.

त्यानंतर तो तेरा वर्षे जगला. हेरॉइनचे व्यसन होते, प्रकृती ढासळत गेली, आणि त्या तेरा वर्षांतले एकही ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालेले नाही. म्हणून फळीवर ‘द वेटिंग गेम’च्या उजवीकडे काही ठेवायचे नाही, २०१९ मध्ये नव्याने दाबलेली ‘मायनर मूव्ह’ची जाड, देखणी तबकडीसुद्धा डावीकडे, मार्च १९५८ च्या जागी जाते.

(दृश्य : सुई उचलली जाते. ‘ध्यान’चे पहिले स्वर सुरू होतात.)