मादी आजारी आहे की अंडी राखते आहे?

[दृश्य : इंदूर, रामबाग. वरच्या मजल्यावरील खोलीत लोखंडी मांडणीवर ठेवलेल्या काचेच्या टाक्या.]

आडव्या ठेवलेल्या अर्ध्या करवंटीच्या तोंडाशी जी पिवळीधमक मासोळी दिसते आहे, ती ॲपिस्टोग्रामा काकाटुऑइडिस या बुटक्या सिक्लिडची (सिक्लिड हे माशांचे एक कुळ) मादी आहे. तिने खाद्याला तोंड लावलेले नाही, ती करवंटी सोडून फारशी बाहेर येत नाही आणि नर जवळून गेला की त्याच्या अंगावर धावून जाते. नवख्या पाळणाऱ्याला हा आजार वाटतो आणि तो तिला जाळीने उचलून औषधाच्या पाण्यात सोडतो. वास्तविक करवंटीच्या छताला आतून अंडी चिकटवलेली असतात आणि ती त्यांची राखण करीत असते. याच्या उलटही घडते. मादी आत आहे म्हणजे अंडी असणारच, असे गृहीत धरून तिच्याकडे कोणी पाहत नाही आणि ती आतल्या आत खंगत जाते.

राखण करणाऱ्या मादीचा पिवळा रंग गडद असतो, काळ्या खुणा ठळक असतात, पर ताठ असतात. आजारी मादीचा रंग मळतो, पर अंगाला चिकटतात, कल्ले भराभर हलू लागतात आणि मुख्य म्हणजे ती कोणालाही हुसकावीत नाही. अर्थात, लहान टाकीत नराने सतत पिटाळलेली मादीही फिकट पडून कोपऱ्यात उभी राहते; तिला औषध नको असते, आडोसा हवा असतो.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी.]

पांढरी, दोऱ्यासारखी लोंबणारी विष्ठा दिसली की बाजारात लगेच मेट्रोनिडाझोल हे परजीवींवरचे औषध सुचवले जाते. पण उपाशी माशाची विष्ठाही आतड्यातील श्लेष्म्यामुळे पांढरीच दिसते, त्यामुळे केवळ रंगावरून निर्णय घेणे हा निव्वळ जुगार आहे. येथे ताजी विष्ठा नळीने उचलली जाते, टाकीतल्याच पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर पसरली जाते आणि काही मिनिटांच्या आत ४०० पट मोठी करून पाहिली जाते. सरसर धावणारे, नासपतीच्या आकाराचे असंख्य सूक्ष्मजीव दिसले, तर ते स्पायरोन्यूक्लियससारखे चाबूकधारी परजीवी असण्याची शक्यता मोठी, आणि तेथे मेट्रोनिडाझोल योग्य ठरते. मासा खात असेल तर ते खाद्यातून देणे अधिक परिणामकारक. याउलट, दोन्ही टोकांना बूच बसवल्यासारखी लांबट अंडी दिसली, तर तो कॅपिलेरिया हा गोलकृमी असतो. त्याच्यावर मेट्रोनिडाझोलचा उपयोग नाही. तेथे लेव्हामिसोल किंवा फेनबेंडाझोल हे जंतनाशक लागते. साधा शाळकरी सूक्ष्मदर्शक औषधांच्या चार बाटल्यांपेक्षा अधिक उपयोगी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कातडीवरील खुणांच्या बाबतीत चूक अधिक महाग पडते. मिठाच्या कणांसारखे सुटे, उठावदार ठिपके म्हणजे इक, म्हणजेच एका परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. हा परजीवी कातडीत असताना औषधाला दाद देत नाही, तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच मरतो. म्हणून तापमान ३० अंशांपर्यंत वाढवून त्याचे जीवनचक्र वेगाने पुढे ढकलले जाते आणि औषध ठिपके गेल्यानंतरही काही दिवस चालू ठेवले जाते. दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको नदीच्या खोऱ्यातील उष्ण पाण्यातून आलेल्या रॅम या बुटक्या सिक्लिड माशांना हे तापमान मुळीच जड जात नाही. पण पाठीवर खोगिरासारखा पसरलेला राखाडी डाग किंवा तोंडाभोवतीचा कापसासारखा थर हा कॉलम्नॅरिस या जिवाणूचा असतो, बुरशीचा नव्हे, आणि हा जिवाणू उष्ण पाण्यात झपाट्याने फोफावतो. इक समजून हीटर वाढवला, तर जोडी एक-दोन दिवसांत हातची जाऊ शकते.

[दृश्य : गच्चीवरील पाण्याचे पिंप.]

इंदूरच्या नळाला येणारे पाणी नर्मदाकाठच्या जलूद येथून उपसून माळव्याच्या पठारावर चढवलेले नर्मदेचे पाणी आहे. जेथे ते पुरत नाही तेथे काळ्या पाषाणातील बोअरचे, बरेच जड पाणी वापरले जाते. ॲपिस्टोग्रामाच्या अनेक जातींना मात्र मऊ, आम्लधर्मी पाणी लागते, म्हणून येथील पाळणारे आरओचे किंवा पावसाचे पाणी मिसळतात. खरा धोका पाणी बदलताना असतो. आम्लधर्मी पाण्यात साठलेला अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात असतो, परंतु पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे हे दाखवणारा अंक; तो वाढला की आम्लता घटते) एका अंकाने वाढला की त्याचे विषारी रूप सुमारे दहा पटींनी वाढते. बरेच दिवस न बदललेल्या टाकीत एकदम अर्धे पाणी बोअरचे ओतले, की सकाळी मासे पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसतात आणि मुळात नसलेल्या रोगाला दोष दिला जातो. थोडे पाणी, वारंवार आणि त्याच गुणधर्माचे बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढावे.

अंड्यांवरची पांढरी बुरशी हा स्वतंत्र आजार क्वचितच असतो. ती प्रथम मेलेल्या किंवा न फळलेल्या अंड्यांवर धरते. बहुतेक अंडी पांढरी पडत असतील, तर नराकडे आणि पाण्याच्या जडपणाकडे पाहावे.

रोग घरात येतो तो बहुधा दोन वाटांनी: सांडपाण्याच्या गाळातून काढलेल्या ट्युबिफेक्समधून (माशांना जिवंत खाद्य म्हणून दिले जाणारे बारीक किडे) आणि नव्या माशांबरोबर. पहिली वाट बंद करणे सोपे आहे, कारण त्याऐवजी पिल्लांना आर्टेमिया हे कोळंबीसारखे सूक्ष्म जीव देता येतात आणि त्यांची अंडी मिठाच्या पाण्यात साधारण एका दिवसात फुटतात. दुसरीसाठी चार आठवड्यांचे विलगीकरण लागते, वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीसह, आणि शक्य असल्यास मुख्य टाकीतील एका कमी किमतीच्या माशाच्या सोबतीने; नवा मासा स्वतः ठणठणीत दिसत असूनही रोग वाहत असेल, तर तो या सोबत्यात उघड होतो.

चांगले खाऊनही पोट आत गेलेला, पाठीचा कणा वाकत चाललेला आणि अंगावर जखमा उमटलेला मासा दिसला, तर माशांच्या क्षयाचा संशय घ्यावा. त्यावर भरवशाचा उपचार नाही, आणि त्याचे जिवाणू हाताच्या जखमेतून माणसाच्या कातडीतही शिरतात. अशा टाकीत हातमोज्याशिवाय हात घालू नये, नळी तोंडाने ओढू नये, त्या जोडीची पिल्ले कोणाला देऊ नयेत. आणि जाळ्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून पूर्ण वाळल्यावरच पुन्हा हाती घ्याव्यात.